उलटेरावांचा डावा गुडघा

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनी पुढे या, पुढे जागा भरपूर आहे. ज्यांना मांडी घालवत नाही त्यांनी खुशाल पाय लांब करा, आणि ज्यांना तेही जमत नाही त्यांनी खुर्ची ओढून घ्या. लाजायचं काय त्यात? देवानं गुडघे दिले ते वापरायलाच दिले, आणि वापरलेली वस्तू थोडी कुरकुरणारच. आज गोष्ट सांगायची आहे ती गुडघ्याचीच. ऐकून उठताना हात टेकावा लागला तरी तोंडावर हसू असेल, एवढा शब्द माझा.

तर एक होते रंगारी. भिंती रंगवणारे नव्हेत, काचा रंगवणारे. दुकानांच्या दर्शनी काचांवर, वकिलांच्या दारांवर, न्हाव्याच्या आरशावर नावं लिहायची हा त्यांचा धंदा. आता काचेवर बाहेरून लिहिलं तर ऊन, पाणी आणि झाडणाऱ्याचं फडकं मिळून वर्षभरात सगळं पुसून टाकतात. म्हणून लिहायचं ते आतून. आणि आतून लिहायचं तर उलटं लिहायचं, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्याला ते सुलट दिसतं. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की उलटं हेच त्यांचं सुलट होऊन बसलं. आरशात दिसणारं वर्तमानपत्र ते घडाघडा वाचत. हातात घेतलेलं वाचायला मात्र चष्मा शोधावा लागे. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. सगळे त्यांना उलटेराव म्हणत, आणि तेही हाकेला ओ देत.

त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. "काकू, असल्या उलट्या माणसाशी संसार कसा केलात हो?" असं कुणी चेष्टेनं विचारलं की ती म्हणे, "मला काय कळतंय त्यातलं? मी आपली शिडी धरते." आणि खरंच ती शिडी धरायची. उलटेराव वर चढून लिहिताहेत आणि खाली काकू दोन्ही हातांनी शिडी धरून गुणगुणतेय, हे चित्र गल्लीनं इतकं पाहिलं होतं की एकटी शिडी दिसली तर लोक विचारत, "काकू आजारी आहेत का?"

काकूला नाद एकच, बुवांचा. बुवा म्हणजे गाऊन प्रवचन सांगणारे. पेटीवर बोट ठेवायचे, डोळे मिटायचे आणि देवाची गोष्ट अशी सांगायचे की रागावून आलेला माणूस घरी जाताना शेजाऱ्याच्या पोराला खाऊ घेऊन जायचा. हे बुवा आणि उलटेराव एका बाकावर बसून शिकलेले. बुवांची जुनी जागा गळायला लागली तेव्हा लोकांनी मिळून नवं सभागृह बांधायला काढलं, आणि मोठ्या दाराच्या वर एक अर्धगोल काच बसवायची ठरली. त्याच दिवशी उलटेराव सगळ्यांसमोर म्हणाले, "बुवा, ती काच माझी. तिला दुसऱ्या कुणाचा ब्रश लागला तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"लिहायचं काय, ते मी सांगणार," बुवा म्हणाले. "चार शब्द नकोत, तीनच पुरेत. 'या, जागा आहे.'"

भिंती वर येत होत्या, काच यायची होती, आणि नेमका त्याच सुमाराला उलटेरावांचा गुडघा बोलायला लागला.

तसे दोन्ही गुडघे अधूनमधून कुरकुरायचे. आज हा, उद्या तो. सकाळी उठलं की दाराच्या गंजक्या बिजागरीसारखे आखडलेले असायचे, चार पावलं चाललं की सैल व्हायचे. पण एके दिवशी शिडीवरून उतरताना अशी कळ आली की उलटेराव खालच्या पायरीवर बसून राहिले आणि हातातल्या निळ्या रंगाचा एक ओघळ काकूच्या केसांत गेला. काकूनं त्याच दुपारी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे फोटो काढला. फोटोवाल्यानं ती काळी फिल्म हातात देताना समजावून सांगितलं, "काका, हा असा बघायचा, जणू समोर माणूस उभा आहे. त्याचा उजवा तो आपल्या डाव्या हाताला."

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. म्हणाले, "एका गुडघ्यातली फट जरा कमी झालीय. झीज आहे. वयाबरोबर होतेच, केस पिकतात तशी. घाबरू नका, चालत राहा, मांड्यांना बळकटी येईल असा व्यायाम करा, वजन थोडं उतरवा."

यातलं उलटेरावांनी काय ऐकलं असेल? एकच शब्द. झीज.

आणि झीज म्हणजे काय हे ब्रशवाल्या माणसाला शिकवायला नको. ब्रशाचे केस झिजतात ते परत उगवत नाहीत. चांगला ब्रश असेल तर तो ठेवणीतला करायचा, मोजक्याच कामाला काढायचा, कारण त्यात जेवढी अक्षरं शिल्लक असतील तेवढीच असतात. उलटेरावांनी गुडघ्यालाही तोच न्याय लावला. यात आता जेवढी पावलं उरली आहेत तेवढी जपून खर्चायची, म्हणजे मरेपर्यंत पुरतील!

दुकानात आल्या आल्या त्यांनी फिल्म काढली आणि सवयीप्रमाणे आतून काचेवर चिकटवली. चारी कोपऱ्यांना रंगकामाची जाड चिकटपट्टी लावली, दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. खाली छापलेलं स्वतःचं नाव वाचलं, दवाखान्याचं नाव वाचलं, सगळं पाण्यासारखं वाचता आलं. मग समोर माणूस उभा आहे असं समजून पाहिलं. एका गुडघ्यात हाडांमध्ये चांगली फट होती. दुसऱ्यात एका बाजूला हाडं जवळजवळ टेकली होती.

"डावा," उलटेराव म्हणाले. "अगं, डावा गेला माझा."

आणि काय सांगू तुम्हाला, ते वाक्य तोंडातून निघायचा अवकाश, डावा गुडघा ठणकायला लागला.

त्या दिवसापासून डाव्याचे जे लाड सुरू झाले ते पहिलटकरणीच्या तान्ह्याचेही होत नसतील. त्याला लोकरीचा मफलर गुंडाळला गेला. त्याच्यासाठी वेगळं स्टूल आलं, स्टुलावर उशी आली. उलटेराव काठी घेऊन खेकड्यासारखे तिरके चालायला लागले. मुलगा आधीच घाबरट. त्यानं बापाच्या खुर्चीला एक पितळी घंटी बांधून दिली. "बाबा, काही लागलं तर वाजवा, पण उठू नका." उलटेराव पाण्याला वाजवायचे, चष्म्याला वाजवायचे, एकदा तर वाजवून काकूला बोलावलं आणि विचारलं, "मी कशाला बोलावलं होतं गं तुला?"

"शाळा सुटली हे सांगायला," काकू म्हणाली.

शिडी कपाटामागे गेली. वरच्या काचांची कामं बंद झाली. कमरेच्या उंचीवर जेवढं लिहिता येईल तेवढं ते लिहायचे, तेही उजव्या पायावर बगळ्यासारखे उभे राहून. कुणी विचारलं तर उजव्या मांडीवर थाप मारून सांगायचे, "हा आहे म्हणून चाललंय. हा माझा सोन्याचा तुकडा. उठणं, बसणं, पायरी चढणं, सगळं याच्या जिवावर." बुवांच्या जुन्या जागेला पायऱ्या आहेत म्हणून प्रवचनालाही जाणं सुटलं. आणि इतकं जपूनही डावा बरा होईना. उलट दिवसेंदिवस आखडत गेला, मांडी सुकत गेली, आणि आधी हलल्यावर कळ यायची ती आता नुसत्या विचारानंही यायला लागली.

इकडे सभागृह बांधून झालं. काच बसली. उद्घाटनाचा दिवस दोन महिन्यांनंतरचा ठरला. बांधकामाचं पाहणारे लोक म्हणाले, "हल्ली छापील अक्षरं मिळतात, मशीनवर कापलेली. चिकटवली की झालं." बुवा म्हणाले, "थांबा. त्यानं स्वतः नाही म्हटल्याशिवाय नाही."

काकूनं हा निरोप आणला तेव्हा उलटेराव उशीवरच्या गुडघ्याकडे पाहत बसले होते. म्हणाले, "त्याला सांग, उलटेराव संपले."

"तुम्हीच सांगा," काकू म्हणाली. "माझ्या तोंडी असली वाक्यं घालू नका." ती आत गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला आणि गुणगुणणं अजिबात आलं नाही. ते न आलेलं गुणगुणणं उलटेरावांना गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं. ती काच म्हणजे त्यांच्या हयातभराच्या हाताची शेवटची सही होती, आणि ती आता मशीन करणार होतं.

असेच दोन-तीन दिवस गेले. एके सकाळी दुकानाबाहेर एक तरुण बाई येऊन उभी राहिली. कोपऱ्यावरची रिकामी जागा तिनं घेतली होती. आखडलेल्या, मोडून सांधलेल्या, ऑपरेशन झालेल्या माणसांकडून व्यायाम करून घ्यायचा हा तिचा पेशा, आणि दाराच्या काचेवर नाव लिहून हवं होतं. पण आत यायचं सोडून ती काचेबाहेरच थांबली आणि ती फिल्म बघत राहिली. मग आत आली.

"काका, हा फोटो तुमचा?"

"हो. खाली नाव लिहिलंय की."

"ते बाहेरून वाचलं मी," ती म्हणाली. ती फिल्मजवळ गेली, मान तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली. "आतून वाचता येत नाहीये."

"न यायला काय झालं? चांगलं ठळक तर..." आणि उलटेराव मध्येच थांबले.

त्यांनी नावाकडे पाहिलं. मग त्या मुलीकडे पाहिलं. मग पुन्हा नावाकडे. चष्मा न लावता ते नाव त्यांनी इतके दिवस वाचलं होतं. चष्मा न लावता!

आता तुम्हीच सांगा, दुसऱ्या कुठल्याही माणसानं फिल्म उलटी चिकटवली असती तर उलटं नाव पाहून पहिल्याच झटक्याला त्याच्या लक्षात आलं असतं की नाही? पण ज्याचा जन्म उलटी अक्षरं लिहिण्यात गेला, त्याला उलटं नाव दिसणार कसं? फिल्मवर डावं-उजवं सांगणारी खूण होती ती नेमकी चिकटपट्टीखाली दडली होती.

मुलीनं हलक्या हातानं पट्ट्या सोडवल्या, फिल्म पालटली आणि पुन्हा काचेला लावून धरली. "दुखतो कुठला?"

"डावा," उलटेराव म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा रुबाब नव्हता.

"आणि झीज आहे ती..."

"उजव्यात," दारातून काकू म्हणाली. ती हात पुसत कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. "सोन्याच्या तुकड्यात!"

उलटेराव मटकन खाली बसले. तेही उजव्यावरच भार देऊन.

उलटेराव हळूच म्हणाले, "म्हणजे पोरी, इतके दिवस मी नाटक करत होतो?"

"छे, छे!" ती चटकन त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. "दुखत होतं ते खरंच दुखत होतं काका. दुखणं खोटं नसतं. पण फोटोत दिसते ती नुसती झीज, दुखणं फोटोत येत नाही. दुखण्यात झीज थोडी असते, आणि बाकी बरंच काही असतं. न वापरलेली मांडी असते, अपुरी झोप असते, आणि 'हललो की मोडणार' ही भीती असते. तुम्ही डाव्याला जपलंत म्हणून तो अशक्त झाला. अशक्त झाला म्हणून दुखला. दुखला म्हणून आणखी जपलंत. आणि ज्याला बघायला हवं होतं तो बिचारा सगळ्या घराचा भार उचलत राहिला, कारण त्याला कुणी सांगितलंच नाही की तू झिजलायस!"

काकू हसायला लागली. उलटेराव काही हसले नाहीत. अजून गंमत बाकी होती.

ती मुलगी गेली, ऊन उतरलं, चहाची वेळ झाली. स्वयंपाकघरात काकू चहा गाळत होती, तोवर उलटेराव दाराशी येऊन उभे राहिले. चेहरा पडलेला.

"आता काय झालं?"

"उजवा," ते कण्हत म्हणाले. "सकाळपासून नुसता जळतोय. त्याच्यात काही राहिलंच नाही गं. टेकवत नाही."

"आणि डावा?"

"डाव्याचं काय?"

"तुमची काठी कुठंय?"

उलटेरावांनी हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता. खाली पाहिलं. मफलर डाव्यावरून निघून उजव्यावर आला होता, आणि दुकानापासून स्वयंपाकघरापर्यंत ते आले होते ते सगळा भार डाव्यावर टाकून. ज्या डाव्याला इतके दिवस उशीवरून खाली उतरवलं नव्हतं, त्याच डाव्यावर!

काकूनं गाळणं खाली ठेवलं. तोंडाला पदर लावला, पण हसू काही पदरात मावेना. "अहो, दुखण्यानं बिऱ्हाड हलवलं की हो! सकाळी डाव्यात राहत होतं, संध्याकाळी सामान घेऊन उजव्यात! घरमालकाला विचारलं तरी का?"

उलटेरावांनी आधी रागावून पाहिलं. मग ओठांचा कोपरा हलला. मग पोट हललं. दोघं म्हातारे त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात भिंतीला धरून इतके हसले की घंटी न वाजवताच मुलगा धावत आला, आणि बापाला दोन पायांवर उभं पाहून त्यालाच खुर्ची लागली.

पण भीती अशी एका हसण्यात जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उलटेराव पुन्हा खुर्चीत. म्हणाले, "हसणं वेगळं आणि शिडी वेगळी. खरा झिजलेला आहे तो उजवा आहे, आणि तो झिजलेलाच आहे. तुला हसायला काय जातं? तुझे गुडघे धडधाकट."

काकू तडक उठली. दुकानात गेली, खिळ्याला अडकवलेला फुलाचा साचा काढला. हा साचा सगळ्या गल्लीच्या ओळखीचा. उलटेरावांच्या प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात एक पाच पाकळ्यांचं फूल असायचं. फिल्मच्या तुकड्यात कापलेल्या त्या साच्यावरून रंगाचा बोळा थोपटला की फूल उमटायचं. वर्षानुवर्षांच्या रंगांचे थर चढून तो पुठ्ठ्यासारखा जाड झाला होता. काकूनं चिंधीवर टर्पेंटाइन घेतलं आणि घासायला सुरुवात केली. निळा गेला, त्याखालचा हिरवा गेला, त्याखालचा लाल गेला.

"अगं, काय करतेस?"

"धरा उजेडात."

उलटेरावांनी धरला. पाकळ्यांतून सकाळचं ऊन आलं. आणि पाकळ्यांच्या भोवती, काळ्या फिल्ममध्ये, पांढुरकी हाडं दिसली. दोन गुडघे. फट नावालासुद्धा नव्हती.

"हे कुणाचे?"

"माझे," काकू म्हणाली. "तुम्ही तेव्हा साच्याला फिल्म शोधत होता, म्हणून ही दिली. कापताना बघितलंत कुठं तुम्ही? नजर फुलावर."

"म्हणजे इतकी वर्षं... तुला दुखत नाही?"

"दुखतं की. रोज सकाळी दुखतं. डॉक्टर म्हणाले चालत राहा, म्हणून चालत राहिले. ज्या दिवशी गुडघे जास्त बोलतात त्या दिवशी सावकाश चालते, ज्या दिवशी गप्प असतात त्या दिवशी जरा भरभर. प्रवचनाला जाताना देवाचं नाव आणि पाऊल एका ठेक्यात टाकलं की रस्ता कसा सरतो कळत नाही."

"कुठला हा डॉक्टर?"

"तुमचाच. त्यानं तुम्हालाही तेच सांगितलं. मी शेजारीच बसले होते."

उलटेरावांनी साचा हळूच खाली ठेवला. म्हणाले, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? मलाही मफलर गुंडाळून उशीवर ठेवलं असतंत. मग शिडी कुणी धरली असती?"

तुम्ही म्हणाल, मग काय, उलटेराव उठले आणि धावायला लागले. नाही हो. असं फक्त कथेकऱ्याला घाई झाली की होतं. उलटेराव उठले ते कोपऱ्यावरच्या त्या मुलीकडे गेले, काकूच्या पावलाशी पाऊल जुळवत. तिनं आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं. मग टाचा उचलायला लावल्या. मग रोज सभागृहापर्यंत चालायला सांगितलं, वर न चढता, नुसतं दारापर्यंत. मग शिडीची पहिली पायरी, चढ आणि उतर.

"दुखलं तर?" उलटेरावांनी विचारलं.

"थोडं दुखेल. झोपेपर्यंत निवलं तर ते काम केल्याचं दुखणं. दुसऱ्या दिवशीही धुमसत राहिलं तर आपण जास्त केलं, थोडं कमी करायचं. बंद मात्र करायचं नाही. आणि काका, गुडघा म्हणजे ब्रश नव्हे. ब्रश बिचारा निर्जीव असतो. हा जिवंत आहे, काम दिलं की त्याच्या भोवतीची मंडळी बळकट होतात."

हे वाक्य उलटेरावांच्या मनात रुतलं. घरी येऊन त्यांनी काकूला सांगितलं, "मी गुडघ्याला ब्रशाच्या जातीत घातलं होतं."

मध्ये एकदा हौसेनं जास्त चढउतार केली आणि दुसऱ्या दिवशी उजवा सुजल्यासारखा वाटला. मफलर शोधायला हात निघालाच होता, तेवढ्यात काकूनं विचारलं, "धुमसतोय की मोडलाय?" उलटेरावांनी हात मागे घेतला. "धुमसतोय," म्हणाले, आणि त्या दिवशी नुसतं दारापर्यंत जाऊन आले. मफलर पुढे काकूनं उसवून त्याची टोपी केली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी सभागृहाच्या मोठ्या दारामागे शिडी उभी राहिली. मुलगा धापा टाकत आला. "बाबा, तुम्ही वर जाणार? मी दुसरा माणूस आणतो!"

"घाबरू नकोस," उलटेराव म्हणाले, आणि शिडीकडे बोट दाखवलं. शिडीला ती पितळी घंटी बांधली होती. "काही लागलं तर वाजवीन."

ते चढायला लागले. एक पाय, मग दुसरा, घाई नाही. वर जाता जाता उजवा बोलला. उलटेराव थांबले, एक श्वास घेतला, आणि खाली काकूला ऐकू जाईल असं गुडघ्यालाच विचारलं, "काय रे, मोडतोयस की नुसता बोलतोयस?" काय उत्तर आलं ते त्या दोघांनाच ठाऊक, पण पाय पुढच्या पायरीवर गेला.

आत बुवा उद्याच्या प्रवचनाची तयारी करत होते. त्यांनी वर पाहिलं, आणि पेटी उघडून गायला बसले. त्या सुरावर ब्रश चालायला लागला. बाहेर लोक जमले. त्यांना काचेवर एकेक अक्षर सुलट उमटताना दिसत होतं, आणि लिहिणारा हात आतल्या बाजूला सावलीसारखा सरकत होता. या. मग जागा. मग आहे. सोनेरी अक्षरं, काळी कड, अशी डौलदार की बाहेर कुणीतरी मोठ्यानं वाचलं आणि खरंच दोघंचौघं आत आले. उलटेराव मध्ये दोनदा खाली उतरले, बसले, पाय हलवले, पाणी प्यायले, पुन्हा चढले. घंटी एकदाही वाजली नाही.

"झालं?" खालून काकूनं विचारलं.

"फूल राहिलंय. साचा दे."

तिनं तो स्वच्छ केलेला साचा वर दिला. उलटेरावांनी काचेच्या कोपऱ्यात टेकवला. बाहेरचं ऊन सरळ फिल्मवर पडलं आणि त्यात काकूचे गुडघे लख्ख उजळले, फुलाच्या भोवती. इतकी वर्षं प्रत्येक काचेवर त्यांनी ज्याच्यातून फूल उमटवलं होतं, ते हे होतं. बोळा हातात तसाच राहिला.

"अहो, सावकाश," काकू म्हणाली.

"तू धरलंयस ना?"

"धरलंय."

मग त्यांनी रंग थोपटला. साचा बाजूला केला. फूल उमटलं होतं.

आता उठायच्या आधी एवढंच मागणं आहे. पुढे कधी कुठल्याही गावात, कुठल्याही दाराच्या काचेवर, कोपऱ्यात एखादं रंगाचं फूल दिसलं, तर अक्षरं लिहिणाऱ्याचं कौतुक लोक करतीलच. तुम्ही मात्र तिची आठवण काढा, जी खाली उभी होती. दुखत होतं, आणि ती गुणगुणत शिडी धरून होती.